लिहून दिलेलं जेवण

माझं जे काही झालं ते माझ्या मोठ्या बहिणीमुळे. ती सातवीत शाळा सोडून आईबरोबर संत्र्याच्या बागांत कामाला जाऊ लागली, म्हणून मी नरखेडहून नागपूरला कॉलेजात येऊ शकलो. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. तेव्हापासून घरात कोणताही कागद आला, की तो माझ्यापुढे ठेवतात आणि मी सांगेन ते खरं धरतात.

नोकरीत माझं पोट सुटलं. ऑफिसात सगळ्यांचंच सुटलं होतं. सकाळी तर्री-पोहे, चारला समोसे, दिवसभर खुर्ची. मग आम्ही काही जण एका फ्लॅटमध्ये जाऊ लागलो. तिथे जेवणाऐवजी पाण्यात घुसळलेली पावडर देत, रविवारी वजन करत आणि ज्याचं कमी भरेल त्याच्यासाठी टाळ्या वाजवत. माझ्यासाठी तीनदा वाजल्या.

त्याच सुमारास ताईला शुगर निघाली. मोटरसायकल आल्यापासून तिचं शेतात चालत जाणं बंद झालं होतं, वजन वाढलं होतं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, चालायला आणि चहातली साखर बंद करायला सांगितलं. मला ते फारच साधं वाटलं. मी फ्लॅटमधल्या पावडरचे डबे तिला नेऊन दिले आणि वहीच्या पानावर तक्ता लिहून दिला: भाकरी बंद, भात बंद, सकाळ-संध्याकाळ पावडर, दुपारी काकडी. गोळ्यांचं काय, हा विचारच माझ्या मनात आला नाही.

दीड महिन्याने बागेत संत्री निवडताना ती घामाने भिजली आणि कोसळली. मी तालुक्याच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा सलाईन चालू होतं. डॉक्टर विचारत होते, "गोळी घेतली अन् जेवल्या नाही? कोणी सांगितलं असं?"

"माह्या भावानं लिहून देल्लं," ताई म्हणाली. "नागपूरले राह्यते. शिकेल हाये."

हे सांगताना तिला बरं वाटत होतं. मी खाटेच्या पायाशी उभा होतो. तो भाऊ मीच, हे डॉक्टरांना ठाऊक नव्हतं. मी सांगितलंही नाही. रडू आलं नाही, लाज वाटली असंही म्हणता येत नाही. मी सलाईनच्या बाटलीवरचं लेबल वाचत राहिलो.

बाहेर भाऊजी म्हणाले, "गाईले सरकीची ढेप चारतो गा आम्ही, अन् घरच्या बाईले तुही पावडर." ते हसले. मीही हसलो.

चार दिवसांनी त्यांचा फोन आला. डॉक्टरांनी बजावूनही ताई भाकरीला हात लावत नव्हती, आणि गोळ्या चालूच होत्या. मी तिला फोनवर म्हटलं, "ताई, जेव वं. तो तक्ता चुकला होता."

"मले बिमार पाहून म्हणून राहिला तू. तू लिहून देल्लं ते खोटं कसं असन गा?"

"खोटंच आहे."

"मंग तसं लिहून पाठव."

त्याच दुपारी ऑफिसात बसून लिहिलं. तिला वाचता यावं म्हणून अक्षर मोठं काढलं. गावचा एक माणूस संध्याकाळच्या एसटीने परत जाणार होता, त्याच्या हाती दिलं.

*ती. ताईस साष्टांग नमस्कार.*

*मी दिलेला तक्ता चुकीचा होता. तो कोणा डॉक्टरचा नव्हता, मी लिहिला होता, आणि मला त्यातलं काही कळत नव्हतं. तू माझ्यामुळे पडलीस. दवाखान्यात हे सांगायला हवं होतं, मी गप्प राहिलो.*

*पावडर बंद कर. ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, घरची भाजी वेळेवर खात जा. उपाशी राहू नकोस. सकाळी शेतात चालत जा. गोळी डॉक्टर सांगतील तशीच घे. मी शिकलो, पण हे शिकलो नाही. जेवणाचं यापुढे मला विचारू नकोस, त्यांना विचार.*

*हे वाचून झालं की लगेच जेवायला बस.*

*तुझा भाऊ*