सेलूतले लपलेले सामुराई

कॉम्प्युटर खोलला की पंख्यापाशी धुळीचा गोळा निघतो ना, तसे आमच्या क्लासमधले किस्से झालेत. कुणी मुद्दाम जमवले नाहीत. साचले!

सेलूत माझा टायपिंग-कॉम्प्युटरचा क्लास आहे. रविवारी पोरांना सुट्टी. मग दुपारी आम्ही चौघं मशीनं वायरनं जोडतो आणि जपानातल्या जुन्या लढाया लढतो. सामुराईंचा गेम! दोघं एका बाजूला, दोघं दुसऱ्या. यातली खरी मेख एकच: झाडीत उभं केलेलं सैन्य समोरच्याला दिसत नाही. अगदी जवळ आला तरच दिसतं, आणि तोवर त्याचा कार्यक्रम झालेला असतो.

*

मुंजाभाऊंचं शेत देवगाव फाट्याजवळ. आमच्याकडं आले होते कसला तरी फॉर्म भरायला, गेम बघितला आणि इथलेच झाले. पहिल्याच लढाईत त्यांनी सगळे निंजे कोपऱ्यातल्या जंगलात लपवले. इतके झकास लपवले की स्वतःच विसरले! इकडं त्यांचा सेनापती पडला, किल्ला गेला, हार झाली.

"आणि माझी माणसं कुठं गेली हो, सर?" त्यांनी मला विचारलं.

नकाशा सरकवून बघितलं तर निंजे तसेच जंगलात बसलेले. मुंजाभाऊ हळहळले. "कवाची बसलीत बिचारी! कुणी बोलवलंच न्हाई त्यान्ला!"

समोरच्या मशीनवरच्या वैशालीताई म्हणाल्या, "हे निंजे न्हाईत, भाऊ. ही गावची पाणी कमिटी हाय. हाय म्हणतात सगळे, दिसली कुणालाच न्हाई!"

*

वैशालीताई जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवतात. त्यांच्यासमोर बसतो नईम, मोबाईल रिपेअरिंगवाला. नईम चांगला माणूस, पण दुसऱ्याच्या स्क्रीनवर डोकावायची लय खोड! म्हणून मशीनांच्या मधे मी खोक्याचे पुठ्ठे उभे केले.

तरी पठ्ठ्याला सगळं कळायचं. ताई वैतागल्या. "नईमभाई, सारखं माझ्या तोंडाकडं काय बघायलाव?"

तो त्यांच्या चष्म्यात बघत होता! काचेत ताईंची अख्खी स्क्रीन दिसायची.

त्यादिवशी चष्म्यात त्याला त्यांचे निंजे डावीकडच्या जंगलात दिसले. यानं सगळे तिरंदाज डावीकडं वळवले, आणि ताईंच्या निंजांनी उजवीकडून येऊन त्याचा चुराडा केला.

"ऐसा कैसा? डावीकडंच होते! मी बघितले ना!"

"आरशात डावं-उजवं बदलतं, नईमभाई," ताई चष्मा पुसत म्हणाल्या. "सातवीला या. पुन्हा शिकवते."

*

पुढं सगळेच हुशार झालो. एकदा तर चौघांनीही आपापलं सैन्य लपवलं आणि दुसरा कधी येतो याची वाट बघत बसलो. मैदान मोकळं. एक कावळासुद्धा नाही. चहा झाला, परत चहा झाला. कुणी हलेना.

मुंजाभाऊंच्या घरून वहिनींचा फोन. "काय करायलाव?"

"लढाई चालू हाय."

"मग इतकं गपगार कसं?"

"सगळे लपलेत!"

तेवढ्यात मुंजाभाऊंच्या झाडीकडं नईमचे घोडेस्वार निघाले. एकदाचे! मुंजाभाऊंनी फोन ठेवला, पुढं सरकले, माउसवर बोट ठेवलं... आणि लाईट गेली. चारही स्क्रीन काळ्याठिक्कर!

मी इन्व्हर्टर बघायला उठलो, तर मुंजाभाऊंनी माझा हात धरला. डोळे अजून स्क्रीनवर. दबक्या आवाजात म्हणाले, "हलू नका, सर. आपण अजून दिसलेलो न्हाई."

*

मुंजाभाऊंच्या हरभऱ्यात वानरं घुसायला लागली, तेव्हा हीच विद्या रानात वापरायची ठरली. मुंजाभाऊ आणि नईम तुरीत दबा धरून बसले. वानरं हरभऱ्यात आली की दोन्हीकडून घेरायचं! डबा मागं लिंबाखाली ठेवलेला.

वानरं आली. पुढं एक थोराड हुप्प्या बसून राहिला, नुसता यांच्याकडं बघत. हे त्याच्याकडं बघत. बराच वेळ. मग मागून भांडं पडल्याचा आवाज आला. बाकीची वानरं लिंबाखाली! भाकरी संपल्या होत्या, ठेच्याचं भांडं तेवढं सोडलं होतं.

नईम म्हणाला, "भाऊ, ह्यांचा सेनापती आपल्यापेक्षा भारी खेळायलाय!"

*

आता शेवटचा सांगतो.

वैशालीताईंची बदली झाली. ताडकळसकडं, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. त्या रविवारी शेवटचं खेळायचं ठरलं. मी आणि मुंजाभाऊ एका बाजूला, ताई आणि नईम दुसऱ्या.

आमच्या नकाशात एक खिंड आहे. दोन्हीकडं बांबूची दाट झाडी. तिथं कायम मुंजाभाऊंचे तिरंदाज. ताई तिथून एकदासुद्धा पार झाल्या नव्हत्या आणि मुंजाभाऊंनी कधी दयाही दाखवली नव्हती. वर विचारायचे, "कसं वाटलं, मॅडम?"

त्यादिवशी नईमचं सैन्य आधीच संपलं. ताईंचा उरला फक्त सेनापती, घोड्यावर एकटा.

"लांबून जा, मॅडम, नदीकडून," नईम म्हणाला.

"न्हाई. आज खिंडीतूनच जाणार."

मी मुंजाभाऊंच्या बाजूनं, त्यामुळं त्यांचे लपलेले लोक मला माझ्या स्क्रीनवर दिसत होते. बांबूत दोन्हीकडं रांगा, धनुष्यं ताणलेली. घोडा खिंडीत शिरला. ताईंनी त्याला पळवलाही नाही, चालत नेला. मुंजाभाऊंचा हात माउसवर. घोडा इतका जवळून गेला की आता ताईंनाही तिरंदाज दिसले असणार, डावीकडचे आणि उजवीकडचेही.

घोडा चालत राहिला. खिंड संपली, पुढं उघडं मैदान लागलं.

ताईंनी पुठ्ठ्यावरून डोकं वर काढलं. "मुंजाभाऊ, बाण का न्हाई सोडले?"

मुंजाभाऊ सदऱ्याच्या टोकानं माउस पुसत होते.

"कुणावर?" ते म्हणाले. "मला तर कुणी दिसलंच न्हाई."