सुमनकाकूंचा नकार

शेजारच्या सुमनकाकूंना लिंबाच्या लोणच्याची कृती हवी होती. मोबाइलवर कृतीआधी पाटीच आली: आम्ही आणि आमचे शेकडो भागीदार तुमची माहिती वापरू का? होकाराचं बटण मोठं, हिरवंगार. नकार मात्र तीन पानं आत दडवलेला. ही काय परवानगी मागायची रीत झाली? याविरुद्ध पत्रकं वाटणारी मीसुद्धा घाईत तेच हिरवं बटण दाबते.

काकू मात्र चष्मा पुसून एकेका जाहिरात कंपनीचं बटण बंद करत बसल्या होत्या.

“एवढं कशाला, काकू?”

“अगं, मागे गुपचूप नेटवर कानाचं यंत्र बघितलं. मग भजनी मंडळात फोनवर अभंग उघडला, तर वर यंत्राचीच जाहिरात! सगळ्यांनी पाहिली, आणि हिला ऐकू येत नाही म्हणून लगेच माझ्या हातातले टाळ दुसरीकडे गेले. कुणाला काय सांगायचं, ते मी ठरवीन ना!”

मला हसू आलं, आणि रागही. संमती म्हणजे तरी दुसरं काय असतं? समोरच्याला सरळ विचारायचं आणि उत्तराची वाट बघायची.

म्हणून मी जरा मोठ्यानं विचारलं, “काकू, हे लिहू का?”

त्यांनी क्षणभर विचार केला. “लिही की. नाव तेवढं बदल.”

बदललं आहे.