माहेरच्या निंबाचा पीळ

आरा मशीनखाली भुसा जमतो तसे आमच्या गिरणीतले किस्से जमतात. झाडून काढावेत, तर सकाळी पुन्हा ढीग!

लातूरजवळच्या मुरुडला आमची लाकूड कापायची गिरणी. माझं माहेर हिमायतनगर. तिथल्या अंगणात आईनं लावलेला निंब होता. आई गेली, अन् पुढं रस्ता रुंद करताना निंबही पाडला. तेव्हा मी महादेवापुढं बोलून गेले, "याच लाकडाचा देव्हारा माझ्या घरात सरळ उभा राहीपर्यंत गोड खाणार नाही."

ओंडका टेम्पोतून आला. आमचे हे म्हणाले, "मुरुडातले निंब संपले होते का?"

*

हमीदचाचा आमचे मिस्त्री, माझ्या सासऱ्यांच्या वेळेपासूनचे. आता नांदेडला लेकीकडं असतात, अन् त्यांच्यावाचून गिरणी सुनी वाटते. ओंडका आला तेव्हा त्यांनी सालीवरून हात फिरवला. रेघा सरळ वर जायच्या, तर दोरीसारख्या गोल फिरलेल्या.

"भाभी, ह्याला लई पीळ हाय. फळ्या वाकतेत. चुलीत घाला."

"न्हाई चाचा, देव्हाराच करायचा. तो सरळ उभा राहीपर्यंत माझं गोड बंद हाय."

"मग मला बोल लावू नका!" म्हणत त्यांनी मशीन सुरू केली.

त्याच दिवसापासून चाचांनी बिनसाखरेचा चहा धरला. "शुगर झाली वाटतं," हे हळूच म्हणाले. मी रोज मेथीचं पाणी पाठवू लागले. चाचा बिचारे तोंड वाकडं करून प्यायचे, पण परत पाठवलं नाही कधी!

*

घाई केली की पीळ काय करतो, ते एका काकांना विचारा. लेकीच्या लग्नाच्या गडबडीत त्यांनी ओल्या बाभळीचं दार करून नेलं. चाचा म्हणत होते थांबा, पण थांबतंय कोण! चार महिन्यांनी काका हजर.

"अहो चाचा, दार लावलं तरी वरून मांजर येतंय अन् खालून कोंबडी जातीय!"

चाचांनी रंधासुद्धा थांबवला नाही. "बरं हाय की. दोघांची टक्कर न्हाई!"

*

लातूरच्या एका क्लासवाल्या सरांनी निलगिरीचे बाक नेले. वर्षभरात सगळे डुलायला लागले. आमच्या यांनी लाजून फोन केला, "सर, दुरुस्तीला माणूस पाठवतो."

"अजिबात नको! एका टोकाचं पोरगं पेंगलं की दुसऱ्या टोकाचं दचकून जागं होतंय. रिझल्ट वाढून राहिलाय!"

*

निंबाच्या फळ्यांची थप्पी लावली. मधे हवेला पट्ट्या, वर वजनाला धोंडे. चाचा दर महिन्याला फळी उचलून अंदाज घ्यायचे. बाकी लाकूड वाळलं, निंब ओलाच! छत गळतंय म्हणून यांनी नवे पत्रे टाकले. तरी ओलाच!

एका सोमवारी चाचा लवकर आले अन् दारातच थबकले. थप्पीपुढं मी, हातात तांब्या. माहेरी दर सोमवारी निंबाला पाणी घालायची सवय, ती सुटते का!

चाचांनी तांब्या अलगद काढून घेतला.

"भाभी, पाणी झाडाला. फळीला सबर."

तेव्हापासून सोमवारी मी उपवास धरून फळ्या पालटायची. दुसरं टोक चाचा धरायचे.

*

दोन पावसाळ्यांनी देव्हारा झाला. देव मांडले, घंटा वाजवली, अन् देव्हारा डुलला! एक पाय नखाएवढा वर.

"चिप्पी सरकव खाली अन् खा पेढा," हे म्हणाले. मला रडूच फुटलं. चिप्पीवर उभा, तो सरळ कसला?

चाचांनी रंधा उचलला अन् परत ठेवला. "आजून ह्याचं मन लागलं न्हाई. घरात रुळू द्या."

पुढच्या श्रावणात एका सोमवारी घंटा वाजवली. देव्हारा हलला नाही. हातानं हलवून पाहिला. न्हाई! पदर सावरत गिरणीत पळाले.

चाचांनी घरी येऊन चारी पायांखाली कागद सारून पाहिला. कुठंच शिरेना. मी पेढ्यांचा डबा उघडला. चाचा पायरीवर टेकले.

"भाभी, चहा टाका. साखर दोन चमचे."

"अन् तुमची शुगर?"

"मला कधी झाली होती शुगर?"

तुमच्याही घरात एखादी पिळाची फळी असेल, तर चुलीत घालू नका. वर धोंडा ठेवा, दर सोमवारी पालटा. तांब्या तेवढा लांब ठेवा!