अनवाणी ट्रायल

नवी सून होते तेव्हा आमच्या जुन्या अमेरिकन गाडीचा तळ तापून पाय भाजायचे म्हणून मी बॉनेट उघडून धुराच्या तापलेल्या नळ्यांवर चिकूचं ओलं गोणपाट अंथरलं. तलासरी यायच्या आत गोणपाट पेटलं. अक्कल होती हो मला, पण ती सगळी साडीला मॅचिंग बांगड्या शोधण्यात खर्च व्हायची.

यंदा मुलगा म्हणाला, "आई, अजूनही पाय भाजतात, ही गाडी भंगारात देऊ. तू रिक्षाने फिर." गाडी गेली की माझं स्टिअरिंगही सुटणार होतं. म्हणून ती घेऊन मी हायवेवरच्या मिस्त्रीकडे गेले आणि त्याला सगळं सांगितलं. गोणपाटाचं ऐकून तो इतका हसला, की हातातला पाना पडला.

हा माणूस गिऱ्हाइकांशी मराठीत भांडतो, गुजरातीत मापं घेतो आणि इंजिनाशी मात्र लाडात बोलतो. "रुसू नको गं," म्हणत त्याने धुराच्या जुन्या नळ्या काढल्या. नव्या बसवल्या, त्या चासीला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला, घासल्या. त्याने स्वतःलाच शिवी हासडली, नळ्या उतरवल्या आणि पुन्हा वाकवून बसवल्या.

मग चपला काढून तो माझ्या शेजारी बसला, अनवाणी पाय तळाच्या पत्र्यावर टेकवले आणि म्हणाला, "चला, झाई गावापर्यंत."

वाटभर त्याने पाय उचलले नाहीत. मी दर वळणावर चोरून त्याचा चेहरा बघत होते. झाईला गाडी थांबवली, तेव्हा तो म्हणाला, "पत्रा कोमट आहे आजी, भाजत नाही. भंगारवाल्याला नाही म्हणून सांगा. आणि परत जाताना रस्त्याकडे बघा, माझ्या तोंडाकडे काय बघता!"