वावटळीचे दोन उन्हाळे

तिला सगळे वावटळ म्हणायचे. लहानपणी ती घरातून धावत गेली की मागे दोन-तीन भांडी हमखास आडवी व्हायची, म्हणून बापाने ते नाव ठेवलं. पुढे बापाचं पंखेदुरुस्तीचं दुकान तिनेच चालवायला घेतल्यावर नाव इतकं चपखल बसलं की खरं नाव फक्त विजेच्या बिलापुरतं उरलं.

दुकान बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर होतं. दोन गिऱ्हाइकं एकदम आली तर एकाला बाहेर उभं राहावं लागे, इतकं लहान. पुढच्या टेबलावर तार गुंडाळायचं हातयंत्र, तांब्याच्या तारेची रिळं आणि वार्निशचा डबा. भिंतीवरच्या बोर्डाला एक साधा बल्ब होता. करंट पंख्याच्या अंगात उतरत असेल तर तो पेटून चुगली करायचा. समुद्राची खारी हवा कुठलाही पंखा फार दिवस धड राहू देत नसे, त्यामुळे उन्हाळा लागला की वावटळीला जेवायला सवड नसायची.

आणि एका वर्षी उन्हाळा आलाच नाही.

कॅलेंडर म्हणत होतं आला, पण समुद्रावरून रोज सकाळी धुकं चढायचं आणि दुपारपर्यंत हलायचं नाही. बसस्टॉपवर माणसं स्वेटर घालून उभी राहू लागली. आपल्या जन्मात असा उन्हाळा पाहिला नाही, असं म्हाताऱ्यांनी एकमेकांना बजावून सांगितलं. घरोघरचे पंखे धूळ खात लटकले. दुकानात बसून माशा माराव्यात, तर त्या गारठ्यात माशासुद्धा फिरकत नव्हत्या.

समोर नव्या वस्तूंचं मोठं शोरूम होतं. तिथल्या शेठने सगळे पंखे आत ठेवून काचेत पाणी तापवायची यंत्रं मांडली. माणूस वाईट नव्हता. एक दिवस रस्ता ओलांडून आला आणि त्याने वावटळीला समजावलं, की आता कोणी जुनं दुरुस्त करत बसत नाही, या वर्षी तर नवं घ्यायलाही कोणी येत नाही. त्यापेक्षा तिने हे दुकान बंद करावं आणि त्याच्याकडे काउंटरवर उभं राहावं, पगार वेळेवर मिळेल. तिने विचार करून सांगते म्हटलं. घरी गेल्यावर खरंच विचार केला आणि त्या विचारानेच तिला झोप लागेना.

त्याच आठवड्यात बंदराजवळच्या जुन्या लॉजने सगळ्या खोल्यांत एसी बसवले आणि छताचे पंखे उतरवून मागच्या आवारात टाकले. वावटळ तिथून जात होती. पाती वाकलेली, अंगावर गंज, पण आतला लोखंडी गाभा जुन्या घडणीचा, वजनदार. तिचा पाय तिथून निघेना. मॅनेजरला विचारलं तर तो म्हणाला, न्या बाई, आमची जागा तरी मोकळी होईल. नवऱ्याच्या ओळखीतला टेम्पो आणून तिने तो सगळा ढीग उचलला.

नवरा बंदरात क्रेन चालवायचा. संध्याकाळी घरी आला तर दारातून आत जायला वाट नाही. पलंगाखाली पंखे, माळ्यावर पंखे, स्वयंपाकघरात ओट्याखाली पंखे. तो शांतपणे म्हणाला, "मी आज कुठे झोपायचं तेवढं सांग."

सासूबाई मात्र गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या. जिभेला हाड नाही म्हणतात ते त्यांच्याकडे पाहूनच म्हणत असावेत. शाल गुंडाळून त्या खुर्चीत बसायच्या आणि दिवसभर तोंडाचा पट्टा चालू. घर आहे की भंगारवाल्याची वखार? थंडीने माणसं कुडकुडतायत आणि ही पंखे करतेय! सून आणली होती, हे वादळ कुठून आलं?

वावटळ ऐकून घ्यायची आणि काम करायची. जळकी वाइंडिंग कापून काढायची, लोखंडाच्या खाचा घासून साफ करायच्या, तार लोखंडाला चिकटू नये म्हणून त्यात कागद बसवायचे, मग नवी तार भरायची. दुकान रिकामं होतं, घाई कोणाची नव्हती. एरवी उन्हाळ्यात गिऱ्हाईक डोक्यावर उभं असल्यामुळे जे काम ती घाईघाईने उरकायची, तेच आता तिला मनासारखं करता येत होतं. पंखा बिघडतो तो नेमका कुठून, हे तिला या थंड उन्हाळ्यात जितकं कळलं तितकं आधीच्या सगळ्या वर्षांत कळलं नव्हतं.

एक दिवस ती खाचांमध्ये तार भरत असताना सासूबाई मान लांब करून बघत होत्या. त्यांनी तरुणपणी वर्षानुवर्षं कारखान्यात मासेमारीची जाळी विणली होती. शेवटी त्यांना राहवलं नाही.

"अगं, तार ओढू नकोस अशी. हाताने जा म्हणायचं तिला, म्हणजे जाते. आण इकडे."

त्यांनी शाल बाजूला टाकली आणि हात पुढे केला. त्या म्हाताऱ्या बोटांत तार अशी बसत गेली की जणू तिचं घरच ते. एकावर एक चढलेला वेढा नाही, कुठे ढिलाई नाही. वावटळ पाहत राहिली. म्हणाली, "आई, इतके दिवस का नाही बसलात?"

"तू कुठे विचारलंस?" सासूबाई म्हणाल्या.

त्यानंतर तोंडाचा पट्टा तसाच चालू राहिला, पण आता हातही चालू लागले. वावटळ बेअरिंग बदलायची, पाती सरळ करायची, सासूबाई तार भरायच्या. रंगाचा प्रश्न नवऱ्याने सोडवला. बंदरात बोटी रंगवून उरलेले डबे पडून असत, ते तो मागून आणायचा. त्यामुळे कुठला पंखा नारिंगी झाला, कुठला गर्द निळा, कुठला पोपटी. उन्हाळा सरला तेव्हा घरात चाळीसेक पंखे नव्यासारखे तयार होते आणि ते घ्यायला एक कुत्रंही फिरकलं नव्हतं. शेठच्या काउंटरवर उभं राहायला मात्र ती गेली नाही. हिवाळाभर शिवणयंत्रांच्या मोटरी दुरुस्त करून तिने दुकान रेटलं.

पुढच्या वर्षी उन्हाळ्याने मागची सगळी कसर भरून काढली.

सुरुवातीलाच समुद्रावरचा वारा पडला. पाणी तेलासारखं निपचित पडून राहायचं आणि हवा जमिनीकडून यायची, भट्टीचं दार उघडल्यासारखी. गेल्या साली स्वेटर घालून उभे राहणारे लोक आता बसस्टॉपवर सावलीच्या एकेका पट्ट्यासाठी भांडू लागले. गारठ्याला नावं ठेवणाऱ्या म्हाताऱ्यांना आता तोच गारठा सोन्यासारखा वाटू लागला. शेठचं शोरूम बघता बघता रिकामं झालं. गेल्या उन्हाळ्याने हात पोळल्यामुळे त्याने यंदा मोजकाच माल मागवला होता, आणि सगळीकडेच उकाडा असल्यामुळे कारखान्यातून नवा येईना.

वावटळीने घरातले पंखे दुकानात आणायची तयारी केली. त्याच दिवशी नणंदेचा निरोप आला. नणंदेचे दिवस भरले होते आणि ती सरकारी प्रसूतिगृहात होती. तिथलं थंड हवेचं यंत्र बंद पडलं होतं, सुटा भाग यायला वेळ लागणार होता. बायका पुठ्ठ्याने वारा घेत पडल्या होत्या, बाळांच्या अंगावर घामोळं उठलं होतं.

सासूबाई उठल्याच. "दुकान राहू दे," त्या म्हणाल्या. "टेम्पो बोलाव."

वावटळीने आधी एकटीने जाऊन वॉर्ड पाहिला. इमारत जुनी होती, छताला पूर्वीच्या पंख्यांचे हूक अजून शाबूत होते. मेट्रनबाई तिला मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. डॉक्टरांचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, तुमचं मन मोठं आहे. पण खाली बाळंतिणी आहेत. हे पंखे भंगारातून आलेत. काही जळलं, काही पडलं, तर?"

वावटळीला राग आला नाही. तिला वाटलं, खाली आपली नणंद आहे, हा प्रश्न आपणच विचारायला हवा होता. ती म्हणाली, "मग आधी तुमच्यासमोर चालवून दाखवते. दिवसभर. ऊन तापेल तेवढं तापू दे. जो टिकेल तोच वर चढेल."

मागच्या आवारात रंगकामासाठी लोखंडी नळ्यांची परांची उभी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याने बंदरातले चार सोबती आणले आणि त्या नळ्यांवर पंखे टांगले. जड माल अलगद चढवण्यात त्यांचा हात कोण धरणार? हॉस्पिटलच्या वायरमनने एकेक जोडणी स्वतः तपासली आणि खटका दाबला. नारिंगी, निळे, पोपटी, सगळे एकदम फिरायला लागले. वॉर्डाच्या खिडक्यांत बायकांची गर्दी झाली. मोठे डॉक्टर मधूनमधून येऊन बघून जात.

दुपारी ऊन अगदी माथ्यावर आलं तेव्हा एका पंख्यातून जळका वास आला आणि तो थांबला. वावटळीने खाली उतरवून तो उघडला. हा तिने सगळ्यात आधी केलेला, सासूबाई कामाला बसण्यापूर्वीचा. तिने डॉक्टरांना सरळ सांगितलं, की यात तार मी ओढून बसवली होती, चूक माझी, हा बाजूला.

"हा माझा नव्हे," सावलीत खुर्ची टाकून बसलेल्या सासूबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या.

डॉक्टरांना हसू आवरलं नाही. वावटळीने आपल्या एकटीच्या हातचे आणखी दोन होते तेही आपणहून उतरवून ठेवले. बाकीचा एकही पंखा ऊन उतरेपर्यंत थांबला नाही, तापला नाही, की वेगात मंदावला नाही. तेव्हा डॉक्टरांनी स्वतः एका पंख्याच्या खाली उभं राहून तोंड वर केलं, वारा घेतला आणि मेट्रनबाईंना म्हणाले, "लावा वर."

संध्याकाळ व्हायच्या आत पंखे छताला चढले. मेट्रनबाईंनी खटके दाबायला वावटळीलाच पुढे केलं. तिने एकामागून एक सगळे दाबले. पडदे हलले, चादरींची टोकं उडाली, आणि एकेका पलंगावरून सुस्कारा ऐकू आला. दुपारभर रडून लाल झालेली बाळं हळूहळू गप्प झाली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, बाळं उठली असती ना. पण एका आजीबाईंनी येऊन वावटळीचे दोन्ही हात हातात धरले आणि सोडलेच नाहीत. पस्तिशीच्या वावटळीला मग रडू फुटलं, आणि सासूबाईंनी तिला कधी नव्हे ते काहीही न बोलता जवळ घेतलं.

दोन दिवसांनी नणंदेला मुलगी झाली, नारिंगी पंख्याखाली. त्या वॉर्डात तेव्हापासून पलंगांचे नंबर मागेच पडले. निळ्याखालचा मुलगा, पोपटीखालच्या जुळ्या, असंच बोललं जाऊ लागलं.

गावभर बातमी पसरायला वेळ लागला नाही. लोकांनी माळ्यावरचे, अडगळीतले पंखे काढले आणि दुकानासमोर रांग लागली, चपलांच्या दुकानापर्यंत. वावटळीने हाक दिली तशी सासूबाईंच्या कारखान्यातल्या जुन्या मैत्रिणी आल्या. सासूबाई मधोमध बसून त्यांच्या हातावर चापट मारायच्या, ओढू नकोस गं, हाताने जा म्हण तिला.

शेठही रस्ता ओलांडून आला. या वेळी त्याने काही समजावलं नाही. त्याच्या शोरूमचा अर्धा भाग रिकामा होता, तो वावटळीने पंख्यांच्या कामासाठी घ्यावा, असं म्हणाला. "वहिनी, माझ्याकडे जागा आहे आणि माल नाही. तुमच्याकडे उलट."

"काउंटरवर कोण उभं राहील?" तिने विचारलं.

"मी," शेठ म्हणाला.

सासूबाईंनी तेव्हाच उठून जागा पाहायला म्हणून रस्ता ओलांडला आणि कोणी काही बोलायच्या आत खिडकीजवळचा कोपरा स्वतःसाठी धरून टाकला.