कव्हरवर पिक्चरचं नाव होतं

माझ्या भावाला उपकार करण्याची खोड आहे. आपण नको म्हणायच्या आत तो करून मोकळा होतो. मागे एकदा पुण्याहून शेवगावला आला आणि वडिलांच्या पेटीभर कॅसेटींचं त्यानं एका दिवसात भलं केलं. एकेका कव्हरचा मोबाईलवर फोटो काढला, त्या नावाचे अल्बम नेटवरून उतरवून पेनड्राइव्हमध्ये भरले, नवा स्पीकर आणून दिला आणि वडील चर्चला गेले तेवढ्यात पेटी टेपरेकॉर्डरसकट भंगारवाल्याच्या गाडीवर चढवली. मी जामखेडला, सासरी. मला फोनवर म्हणाला, "ताई, पप्पांची कटकट मिटवली बघ."

मिटवली! मेल्या, त्या पेटीत आईचा आवाज होता.

आमचे वडील म्हणजे साखर कारखान्यात नोकरी, रविवारी चर्च आणि उरलेला सगळा वेळ गाणी. पण कोरी कॅसेट विकत घेणं त्यांना पाप वाटायचं. पिक्चरची कॅसेट आणायची, कंटाळा येईपर्यंत ऐकायची, मग तिच्या कडेच्या भोकांवर चिकटपट्टी लावून तिच्यावरच दुसरं काहीतरी भरायचं. आमच्या अख्ख्या आळीत हीच रीत. नाचणाऱ्या हिरॉइनच्या कव्हरात पाळकसाहेबांचा उपदेश निघायचा. कव्हर कुणी वाचायचंच नाही, चिकटपट्टी आहे का ते बघायचं; असली की आत दुसरंच काही. भाऊ आमचं शेंडेफळ, त्याला कळायला लागलं तेव्हा सीडी आल्या होत्या.

अशाच एका कॅसेटवर आई होती. प्रेमानं भरलेली नव्हे हां! आई भाकरी थापताना नाताळातलं एक गाणं म्हणायची आणि ती ठार बेसूर होती. वडिलांनी एकदा गुपचूप टेप चालू ठेवला आणि पाहुणे जमल्यावर सगळ्यांसमोर तिला तो ऐकवला. "ऐक, आपली म्हैस बरी," म्हणाले. पाहुणे पोट धरून हसले. आई उठून आत गेली. त्यानंतर ती घरात कधी गायली नाही, चर्चमध्येही नुसते ओठ हलवायची.

ती गेल्यावर म्हाताऱ्याला उपरती झाली. रोज दुपारी जेवण झालं की तीच कॅसेट. आईचं बेसूर गाणं, भाकरीचे थपथप आवाज आणि मध्येच मांजराला दिलेली शिवी. तिचा आवाज म्हणून जगात एवढाच उरला होता. तोच भावानं भंगारात घातला.

वडिलांनी मला फोन केला तेव्हा ते रडत होते. "ती कुठं गेली गं? समदं दाबून बघितलं. तिच्या जागी दुसऱ्याच बाया गात्यात."

मी भावाला फोनवर धू धू धुतला. तर साहेब म्हणतात, "कव्हरवर पिक्चरचं नाव होतं. मला काय स्वप्न पडलं होतं?" मी शेवगावला येऊन भंगारवाल्याकडे गेले. माल कधीच पुढे गेला होता.

वडील जेवेनात. मग पुढच्या रविवारी भाऊ उजाडला, तोंडभर हसत. "पप्पा, मिळाली! एका ठिकाणी कॉपी सापडली. आवाजसुद्धा साफ करून आणलाय." स्पीकर लावला. तेच गाणं, पण कुणातरी शिकलेल्या बाईचं. काय तो सूर, काय त्या ताना! मागे हार्मोनियम, व्हायोलिन. भाकरी नाही, मांजर नाही.

वडील मान खाली घालून ऐकत राहिले. मग मला म्हणाले, "हिचा गळा असा हुता व्हय?"

"न्हाई पप्पा," मी म्हटलं. "ही आई न्हाई. हा खोटं बोलतोय."

भाऊ माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मीच आईला मारलं. आणि वडील? वडील उसळले माझ्यावर. "तुला काय ठाव? तू शाळंत असायचीस! पोरगं एवढं करून आनतंय आन् तू खोड काढती! चल, ऊठ हितनं." भाऊ गालात हसला. त्या हसण्याची मला आजही चीड येते.

आता दोघांचं बरं चाललंय. भाऊ गुणाचा, मी खाष्ट. वडील पुन्हा पोटभर जेवतात आणि दुपारी स्पीकर लावतात. परवा मी गेले होते, तेव्हा पाळकसाहेब भेटीला आले. ते नवे, त्यांनी आईला पाहिलेलं नाही. वडिलांनी गाणं लावलं, आवाज वाढवला आणि डोळे पुसत म्हणाले, "ऐका साहेब. आमची मंडळी. काय सोन्याचा गळा हुता तिचा!"

पाळकसाहेबांनी मान डोलावली. मी आत चहा गाळत होते. उभ्या जन्मात आईचं पहिल्यांदा कौतुक झालं, आणि तेही दुसरीच बाई घेऊन गेली.