अप्पांना नवा सेट शिकवला तेव्हा

गेल्या सुट्टीत कोपरीला घरी आलेलो, तेव्हाची गोष्ट. मी फौजेत सिग्नलमध्ये लान्स नाईक आहे. सुट्टी संपली की नाईकपदाच्या कोर्सला जायचं होतं, आणि तिथे नव्या डिजिटल रेडिओ सेटवर एक धडा शिकवून दाखवायचा होता.

मी बारावी अर्धवट सोडलेला. माझ्या हाताखालची दोन मुलं डिप्लोमावाली... ती सेटच्या मेनूत सरसर फिरायची आणि मी त्यांच्या बोटांकडे बघत राहायचो. धड्यात नापास झालो तर परत त्यांच्यासमोर उभं कसं राहायचं, हीच धास्ती होती.

सेट घरी आणता येत नाही. म्हणून बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून मॉडेल बनवलं, बटणं स्केचपेनने काढली... आणि शिकायला बसवलं अप्पांना. अप्पा म्हणजे माझे वडील, सिग्नलमधूनच हवालदार म्हणून रिटायर झालेले.

"बटण दाबायचं, बोलायचं. त्यात धडा कसला रे?"

घोळ तिथेच होता. त्यांच्या जुन्या सेटवर बटण दाबलं की लगेच बोलता यायचं. नव्यावर 'टुक' असा आवाज येईपर्यंत थांबावं लागतं, नाहीतर पहिले शब्द पोचतच नाहीत. पुठ्ठा कुठून वाजणार... टुक मीच तोंडाने करत होतो.

अप्पा दर वेळी टुकच्या आधीच सुरू. मी परत सगळं समजावायचो, ते परत तेच करायचे. शेवटी मी समजावणंच बंद केलं. पुठ्ठा त्यांच्या हातात दिला आणि चुकले की फक्त "पुन्हा" म्हणायला लागलो.

संध्याकाळपर्यंत इतका दमलो की एकदा टुक करायचंच विसरलो. अप्पा बटणावर अंगठा ठेवून गप्प... माझ्याकडे बघतायत.

"वाजव की रे. कधीचा थांबलोय."

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "ह्यांना थांबायला शिकवलंस? मग तुझे साहेब तुला पास करणारच."

आणि केलं. कोर्सला मी कमी बोललो, सेट समोरच्यांच्या हातात दिला... धडा पहिल्याच वेळी पास.

आता त्या डिप्लोमावाल्या मुलांना हा धडा मीच देतो. मेनूत मला काही अडलं तर त्यांनाच सांगतो, "दाखव रे जरा." लाज वाटत नाही. पुढे आणखी नवे सेट येतील... येऊ देत.

दंडावर आता नाईकपदाची दुसरी फीत लागली आहे. आपली हवालदारकी बाजूला ठेवून अप्पा दिवसभर माझ्यापुढे शिकाऊ होऊन बसले, म्हणून.